दिवा बदलला, मीटर कुणाच्या नावावर?



कुठल्याही वस्तीतली दहा घरे फिरा आणि घरातला सर्वांत मिणमिणता दिवा कुठे लावलेला आहे ते पाहा. बाहेरच्या खोलीत, जिथे टीव्ही असतो, पाहुणे बसतात, तिथे ट्यूब असते. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात पिवळा बल्ब, आणि त्यावर फोडणीच्या तेलाचा चिकट थर. तोही बहुधा खोलीच्या मधोमध लोंबणारा, म्हणजे ओट्याकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या बाईच्या पाठीमागे. ती चिरते, निवडते, पीठ चाळते ते सगळे स्वतःच्याच सावलीत. मोरीत दिवा असलाच तर ‘झिरो’चा. भातात खडा लागला की विचारणा मात्र तिलाच होते.

या अंकाचे संपादकीय एलईडी दिव्यांवर लिहायचे ठरले तेव्हा बैठकीत एकीने विचारले, ‘हे काम वीज कंपनीचे, आपले कशाला?’ प्रश्न रास्त होता. वीज वाचवा म्हणून जेवढ्या जाहिराती आजवर पाहिल्या, त्यांत बटण बंद करणारा हात बाईचाच दिसतो. घरातली काटकसर ही तिची जबाबदारी, असे गृहीत धरूनच हे सारे उपदेश लिहिले जातात. देशात वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी घरगुती वापर साधारण चौथा हिस्सा आहे, आणि त्यातला झोपडीतल्या एका बल्बचा वाटा किती असणार? रात्रभर पेटलेले जाहिरातींचे फलक आणि मॉल यांना कुणी गृहिणीसारखे समजावत नाही. तेव्हा पृथ्वी वाचवण्याचा आणखी एक भार बाईच्या डोक्यावर द्यायला आम्ही हा विषय घेतलेला नाही. घेतला तो दोन कारणांनी. एक, यात पैसे वाचतात आणि ते खरोखर वाचतात. दुसरे, वाचलेले पैसे कुणाचे, हा प्रश्न विचारायला लागले की तो थेट मीटरपर्यंत, घराच्या मालकीपर्यंत आणि घरातल्या मारहाणीपर्यंत जाऊन पोचतो.

आधी हिशेब करू. दोन खोल्यांचे घर धरा. स्वयंपाकघरात ६० वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास. बाहेर जुन्या चोकची ट्यूब पाच तास. ती ४० वॅटची म्हणतात, पण चोकसकट ५० वॅटच्या वर वीज घेते. मोरीत ४० वॅटचा बल्ब तासभर. आणि रात्रभर, आठ तास, झिरोचा बल्ब. हा झिरो नावालाच झिरो. तो १२ ते १५ वॅट खातो. जुन्या फिरत्या चकतीच्या मीटरला एवढा किरकोळ वापर टिपता येत नसे म्हणून ते नाव पडले. आताच्या इलेक्ट्रॉनिक मीटरला तो बरोबर कळतो. या सगळ्याचे महिन्याला साडेएकवीस युनिट होतात. आता त्याच जागी ९ वॅटचा एलईडी बल्ब, २० वॅटची एलईडी ट्यूब, मोरीत ५ वॅटचा आणि रात्री अर्ध्या वॅटचा दिवा लावला, तर तेवढ्याच तासांत महिन्याला पाच युनिटसुद्धा होत नाहीत. सतरा युनिट वाचले. सोयीसाठी सहा रुपये युनिट धरले तरी महिन्याला शंभर रुपये. चारही दिव्यांचा खर्च चारशे-साडेचारशेच्या आसपास, म्हणजे तो चार-साडेचार महिन्यांत वसूल.

हा हिशेब अर्थात जुने पिवळे बल्ब असलेल्या घराचा. पिवळ्या बल्बमध्ये विजेचा ९० टक्क्यांहून अधिक भाग नुसत्या उष्णतेत जातो, म्हणून फरक एवढा मोठा दिसतो. (आणि पत्र्याच्या घरात, मे महिन्यात, चुलीजवळ उभ्या असलेल्या बाईच्या डोक्यावर ती उष्णता काय करते, ते वेगळे सांगायला नको.) ज्यांच्याकडे सीएफएल आहे, त्यांची बचत फार नाही. १४ वॅटच्या जागी ९ वॅट लावून महिन्याला पाऊण युनिट वाचेल, म्हणजे चार-पाच रुपये. चालता सीएफएल काढून टाकायची घाई करू नका. तो गेला की मग बदला. जुन्या चोकची ट्यूब मात्र लवकर बदलण्यासारखी आहे. आणि ज्या घरी दिवे केव्हाच बदलून झाले आहेत, त्यांनी पंख्याकडे पाहावे. साधा पंखा ७५ वॅटचा असतो, नवा बीएलडीसी पंखा ३० ते ३५ वॅटमध्ये तेवढेच वारे देतो. पण तो महाग आहे, आणि इथे तो आमचा विषय नाही.

बिलाबद्दल एक बारकावा. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या शंभर युनिटांना एक दर आणि त्यापुढच्या दोनशे युनिटांना बराच चढा दर लागतो. ज्या घराचा वापर शंभराच्या थोडा वर जातो, तिथे वाचलेले युनिट वरच्या, महागड्या टप्प्यातले असतात. म्हणून अशा घरात बचत आमच्या हिशेबापेक्षा जास्त दिसेल. उलट ‘स्थिर आकार’ म्हणून जी रक्कम लावली जाते ती एकही दिवा न लावता द्यावीच लागते, ती दिवे बदलून कमी होत नाही. बैठकीत बिल वाचायला शिकवताना या दोन ओळी आधी दाखवाव्यात. बायका बिल भरायला जातात, रांगेत उभ्या राहतात. बिल वाचायचे काम मात्र त्यांचे नाही, असे अजून कितीतरी घरांत मानले जाते.

आता त्या घरांबद्दल, जिथे बिल येतच नाही. शहरातल्या वस्त्यांमध्ये भाड्याने राहणारी कुटुंबे घरमालकाच्या मीटरवरून जोडलेल्या सबमीटरवर असतात किंवा त्यांना ‘पॉइंट’वर पैसे द्यावे लागतात: एका दिव्याचे इतके, पंख्याचे इतके, टीव्हीचे इतके. पॉइंटवर पैसे देणाऱ्या बाईने स्वतःच्या पैशाने एलईडी आणून लावला तर बचत कुणाची झाली? घरमालकाची. ती पूर्वीएवढेच पैसे देत राहते, त्याचे बिल उतरते. सबमीटरवाल्यांकडून मालक महावितरणच्या दरापेक्षा जास्त दर घेतो, हेही सर्वांना माहीत आहे. म्हणून ‘एलईडी लावा आणि पैसे वाचवा’ हे वाक्य ज्या कार्यकर्त्या वस्तीत जाऊन सांगतात, त्यांनी आधी विचारावे: बाई, तुझा मीटर आहे का?

नसेल तर तिला तो मिळू शकतो, आणि तो मागण्याला कायद्याचा आधार आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ प्रमाणे जागेचा मालक किंवा तिथला रहिवासी, दोघांपैकी कुणीही वीजजोडणीसाठी अर्ज करू शकतो. ग्राहकांच्या हक्कांचे २०२० चे केंद्रीय नियम २०२४ मध्ये दुरुस्त झाले. त्यांप्रमाणे अर्ज पूर्ण असल्यास महानगरात तीन दिवसांत, इतर शहरांत सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांत जोडणी द्यायची आहे. प्रत्यक्षात खिडकीवर घरमालकाची ना-हरकत चिठ्ठी मागितली जाते आणि मालक ती देत नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मधील एका निकालात हे स्पष्ट केले आहे की वीज ही मूलभूत सोय आहे, मालक चिठ्ठी देत नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला ती नाकारता येणार नाही, आणि अर्जदार त्या जागेत राहतो की नाही एवढेच वीज पुरवणाऱ्याने पाहायचे. या निकालाची प्रत प्रत्येक गटाने फाइलला लावून ठेवावी. प्रत दाखवली म्हणून काम लगेच होईल असे नाही. निदान खिडकीवरच्या माणसाला उत्तर द्यावे लागेल, आणि ते लेखी मागता येईल.

मीटर कुणाच्या नावावर, याची चळवळीला फार काळजी असायला हवी असे मला वाटते. जमीन, घर, सातबारा यांबद्दल आपण पुष्कळ बोललो आणि ते योग्यच होते. विजेचे बिल मात्र क्षुल्लक वाटते. पण समुपदेशन केंद्रात काम करणाऱ्या कोणालाही विचारा. नवऱ्याने दुसरे घर केले, हिला आणि मुलांना याच खोलीत सोडले, की काही महिन्यांत पहिली गोष्ट कुठली होते? वीज तुटते. बिल त्याच्या नावावर. तो भरत नाही, किंवा स्वतःच अर्ज करून जोडणी बंद करायला सांगतो. कुठे सासरची माणसे सरळ तिच्या खोलीची वायर काढून टाकतात. मुले बाहेर गल्लीतल्या खांबाखाली अभ्यास करतात आणि पंधरा दिवसांनी ती माहेरी निघून जाते. मग सांगितले जाते की घर तिनेच सोडले. कुणी हात उचललेला नसतो, त्यामुळे पोलीस ठाण्यात ही तक्रार हसण्यावारी जाते.

कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ मध्ये ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी ठेवलेली नाही. ज्या साधनांचा आणि सोयींचा वापर करण्याचा तिला हक्क आहे, त्यांवर बंदी घालणे किंवा अडथळा आणणे म्हणजे आर्थिक अत्याचार, असे कलम ३ सांगते. कलम १७ प्रमाणे घर तिच्या नावावर असो वा नसो, सामायिक घरात राहण्याचा तिला हक्क आहे, आणि कलम १९ खाली दंडाधिकारी निवासाबाबत आदेश देऊ शकतात. संरक्षण अधिकाऱ्याकडे अहवाल लिहिताना वीज कधी तोडली, कुणी तोडली, तेव्हा घरात कोण होते, परीक्षा होती का, आजारी माणूस होते का, हे तारखेनिशी लिहावे. ‘घरात अंधार केला’ एवढे लिहून भागत नाही. आणि शक्य असेल तिथे, भांडण विकोपाला जाण्याआधीच, रहिवासी म्हणून तिच्या नावाने मीटरसाठी अर्ज करावा. विजेचे बिल मालकी सिद्ध करत नाही, पण ती तिथे राहते हे दाखवायला तो एक चांगला कागद आहे. परित्यक्ता बायकांना रेशनकार्डापासून बँकेपर्यंत सगळीकडे नेमका तोच मागितला जातो.

दुसरी बाई, जिच्यासाठी दिव्याचा प्रश्न रोजीरोटीचा आहे, ती घरी बसून काम करणारी. सोलापूरच्या विडी कामगार बायका घ्या. तेंदूपत्ता कापायचा, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. नजर सतत बोटांवर. शिलाईचे, काजबटणाचे, टिकल्या-मणी लावायचे काम घेणाऱ्यांचेही तेच. काम उक्ते, दर नगावर. त्या दरात उजेडाचे पैसे धरलेले नसतात. कारखान्यात काम असते तर दिवा, पंखा, जागा मालकाची असती. काम घरी पाठवले की हे सगळे बाईच्या अंगावर येते आणि वर ‘घरबसल्या मिळते’ असे ऐकून घ्यावे लागते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरी काम करणाऱ्यांसाठी १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला, भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. ती मान्यता मिळवण्याची लढाई लांबची आहे. तोपर्यंत शिलाई मशीनवर किंवा सुपावर नेमका उजेड पाडणारा सात वॅटचा दिवा, खोलीच्या मधोमध न लावता कामाच्या जागेच्या वर, किंचित डावीकडे, हे काम आजच्या आज करण्यासारखे आहे. (डावखुरीने उजवीकडे.) होल्डर सरकवायला दोन मीटर वायर आणि एक पट्टी लागते. तोच न्याय ओट्यालाही.

आणि मजुरीच्या वाटाघाटीत बिलाचा आकडा ठेवायला शिकले पाहिजे. काम घेण्याआधीच्या महिन्याचे बिल आणि काम सुरू झाल्यानंतरचे बिल, दोन्ही शेजारी ठेवले की उजेडाचा खर्च डोळ्यांना दिसतो. तो दरात मागता येतो.

उजेड स्वस्त झाला म्हणून बाईचा दिवस लांबला, हेही होते. मी शाळेत होते त्या वर्षांत आमच्याकडे संध्याकाळचे भारनियमन ठरलेले असे. दिवे गेले की आई ओसरीवर येऊन बसायची, कारण अंधारात करण्यासारखे काम उरत नसे. भारनियमनाचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. त्याच काळात पिठाच्या गिरणीसाठी आणि नळाच्या पाण्यासाठी बायका मध्यरात्री उठत होत्या. सांगायचे एवढेच की दिवा आल्यावर विश्रांती वाढते की काम, हे घरातल्या कामाच्या वाटणीवर ठरते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वेळ-वापर पाहणीत २०१९ साली घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसातला बिनमजुरीच्या घरकामाचा वेळ २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे निघाला. २०२४ च्या पाहणीत तो २८९ आणि ८८. या पाच वर्षांत घरोघरी दिवे बदलले, वाटणी होती तशीच राहिली.

दिवा स्वस्त कसा झाला, ते थोडक्यात. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने एलईडी वाटपाची योजना सुरू केली, तिला पुढे ‘उजाला’ नाव मिळाले. ईईएसएल या सरकारी कंपन्यांच्या कंपनीने कोट्यवधी बल्बांची एकगठ्ठा मागणी नोंदवली. त्यामुळे २०१४ साली ३१० रुपयांना खरेदी केला गेलेला बल्ब दोनेक वर्षांत चाळिशीच्या घरात आला. या योजनेत ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले, आणि ही गोष्ट चांगली झाली असे मोकळेपणाने म्हणावे. पण हप्त्याने बल्ब घ्यायचा तर विजेचे बिल दाखवावे लागे, आणि वस्तीतल्या भाडेकरूकडे ते नसे. शिवाय ज्या वस्तूचा एवढा प्रचार केला, तिच्यावरचा जीएसटी १८ जुलै २०२२ पासून १२ वरून १८ टक्के झाला. ही विसंगती महागाईविरोधी मोर्चात मांडण्यासारखी आहे.

दुकानात स्वस्तात स्वस्त, खोक्यावर काहीच न छापलेला बल्ब घेऊ नका. एलईडी जळतो तेव्हा बहुधा त्यातला प्रकाश देणारा भाग शाबूत असतो आणि वीज नियंत्रित करणारे सर्किट गेलेले असते. हलक्या मालात नेमके तेच कच्चे असते. त्यामुळे ‘पंधरा वर्षे चालतो’ म्हणून घेतलेला बल्ब सहा महिन्यांत लुकलुकायला लागतो. खोक्यावर बीआयएसची खूण आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारे पाहावेत. वॅटपेक्षा ल्यूमेनचा आकडा पाहावा. जुन्या ६० वॅटच्या बल्बचा उजेड साधारण ७०० ते ८०० ल्यूमेन असे. पावती मागावी, आणि बल्बच्या पांढऱ्या बुडावर खरेदीची तारीख पेनने लिहून ठेवावी. हमीच्या मुदतीत गेला तर दुकानदाराशी वाद घालायला दुसरा पुरावा लागत नाही.

बल्ब बदलायला घरात ‘कुणी पुरुष माणूस’ येईपर्यंत थांबणे हा प्रकारही आता पुरे. मेन स्विच बंद, कोरडे हात, न डुगडुगणारे स्टूल, एवढे पाळले की काम झाले. महावितरणमध्ये महिला तंत्रज्ञ खांबांवर चढून काम करताहेत. आपल्या शिबिरात जिथे आकाशकंदील करायला शिकवतात, तिथे होल्डर जोडणे आणि फ्यूज बसवणेही शिकवावे.

दिवे जोडण्याच्या ‘गृहउद्योगा’बद्दल मात्र सावध करायचे आहे. बचत गटांकडे माणसे येतात: यंत्र आणि सुटे भाग विकत घ्या, बल्ब जोडा, सगळा माल आम्ही परत घेऊ. कर्ज काढून गट यंत्र घेतो, पहिली खेप उचलली जाते, दुसऱ्या खेपेला माणसाचा फोन लागत नाही. माल परत घेण्याची अट लेखी नसेल तर सही करू नका. याउलट जिथे बायकांच्या हाती पूर्ण कौशल्य आणि बाजार दोन्ही आले, तिथे चित्र वेगळे दिसते. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजमध्ये अक्षरओळख नसलेल्या बायका रंगांच्या खुणांवरून सौर दिव्याचे सर्किट जोडायला आणि दुरुस्त करायला शिकल्या. आपल्याकडे लातूर-उस्मानाबादेत १९९३ च्या भूकंपानंतरच्या कामातून वाढलेल्या स्वयं शिक्षण प्रयोगाने गावोगावच्या बायकांना सौर दिवे आणि सुधारित चुली विकणाऱ्या उद्योजिका केले. दुरुस्तीचे काम गावात कायम राहते, हे लक्षात घेऊन गटांनी विचार करावा.

काढून टाकलेले दिवे कुठे जातात, हा शेवटचा मुद्दा, आणि तोही बायकांशीच येऊन भिडतो. सीएफएल आणि जुन्या ट्यूब यांत थोडा पारा असतो. त्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकल्या की फुटतात, आणि फुटलेली काच नि पाऱ्याची वाफ वाट्याला येते ती कचरा वेचणारीच्या. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने, आणि पुढे ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने, कचरावेचकांच्या हातमोज्यांसाठी, ओळखपत्रासाठी, वेगळ्या केलेल्या कचऱ्यासाठी झगडून जे मिळवले, ते आपल्या एका ट्यूबने वाया घालवू नये. गेलेली ट्यूब जुन्या खोक्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून, वर ‘काच, पारा’ असे ठळक लिहून, वेगळी द्यावी किंवा ई-कचरा संकलनाच्या दिवशी नेऊन द्यावी. घरात फुटलीच तर खिडक्या उघडून पंधरा मिनिटे सर्वांनी खोलीबाहेर जावे. तुकडे जाड पुठ्ठ्याने गोळा करावेत, केरसुणीने झाडू नयेत, उघड्या हाताने उचलू नयेत. एलईडीत पारा नसतो, पण तोही ई-कचराच.

दिवाळी अंकासाठी आम्हाला गटांकडून हिशेब हवे आहेत. प्रत्येक गटाने पाच घरे निवडावीत. त्यांतली निदान दोन भाडेकरूंची आणि एक घरी काम करणाऱ्या बाईचे असावे. मीटर कुणाच्या नावावर, बिल कोण भरते, पॉइंटवर असल्यास एका दिव्याचे किती, स्वयंपाकघरात कुठला दिवा आणि तो कुठे टांगलेला, बदलण्याआधीच्या दोन महिन्यांचे आणि नंतरच्या दोन महिन्यांचे युनिट, हे वहीत उतरवावे. वाचलेली रक्कम कुठे गेली, हा रकाना रिकामा ठेवू नये. तिच्या बचतखात्यात गेली, मुलांच्या वह्यांना गेली, की कळलेच नाही, जे असेल ते लिहावे. घरांची नावे पाठवू नयेत, गावाचे किंवा वस्तीचे नाव पुरे. ज्या घरी वीज तोडण्याचा प्रकार झाला असेल तिथले हकिकतीचे कागद वेगळ्या पाकिटात, त्या बाईच्या संमतीनेच पाठवावेत.